पाठीखालचं पीस

मासे तोलायच्या काट्याला
मी दोन्ही टांगून पाहिल्या.
स्लीपिंग बॅग अडीच पौंड.
दुलई सव्वा.
फरक म्हणजे लोण्याच्या पाच वड्या,
तूलिक्की म्हणाली, आणि वर म्हणाली,
मला काय विचारतेस, गुडघ्याला विचार.

गुडघ्याचं मत ठरलेलंच होतं.

डुलुथच्या दुकानातला पोरगा
नाकात वाळी, आवाजात दया :
मॅडम, पाठीखाली दबलेलं पीस ऊब देत नाही.
ऊब असते पिसांत अडकलेल्या हवेची,
आणि तुमच्या वजनाखाली हवा उरतेच कुठे?
दुलईला म्हणून तळच नसतो.
म्हणजे एकतीस वर्षं
मी सुपीरियरच्या काठाकाठानं
निम्मी बॅग उगाच वाहिली.
हे त्यानं सांगितलं नाही.
हिशेब मी गाडीत बसून केला.

ऑक्टोबर. मागचा ओटा. सरोवरावरून वारा.
पहिली रात्र दुलईची :
पाय मोकळे, हात मोकळे,
पोटाशी गुडघे घेऊन निजता येतं
हेच मी विसरले होते.
पण कूस बदलली की कडेनं वारा आत यायचा,
शेजारच्या मांजरासारखा,
न विचारता, आणि पाठीलाच टेकून बसायचा.

दुसरी रात्र बॅगेची.
मी वळले, टोपडं वळलं नाही.
कापडात श्वास सोडत पडून राहिले
आणि आठवली ती टेमपरन्स नदीकाठची रात्र :
मला घाईची लागलेली, चेन अडकलेली,
रेनो सुरी घेऊन, हसू दाबत,
धर, हलू नकोस, हलू नकोस गं मार्लिस.
तिथं अजून त्याच्या लाल शर्टाचं ठिगळ आहे.
रेनो आता खिडकीतून बघतो.
चढ त्याला झेपत नाही.
काचेवर बोटानं टकटक करून विचारतो :
कोण जिंकलं?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
पण पाय पाहून अंथरूण निवडायचं वय
कुणी आधी सांगत नाही.

सकाळी मी कात्री घेतली.
बॅगेचं टोपडं तेवढं कापलं,
कड दुमडून टीप घातली, नाडी ओवली.
दुलईबरोबर डोक्याला हे.
ठिगळही उसवून घेणार होते,
मग राहू दिलं, त्याला तिथंच सवय आहे.

काट्याला पुन्हा टांगलं :
सव्वा पौंड, आणि वर नाही म्हणायला
तीन औंस.

दुपारभर स्वयंपाकघरात पिसं तरंगत होती.
कुत्रं शिंकलं.
रेनोला सूपमध्ये एक सापडलं,
त्यानं ते चमच्यावर घेऊन
उजेडात धरलं, फुंकलं.
म्हणाला, हे बघ,
हे कधीच दबलं नव्हतं.