पोकळ दांड्याचा पाना

शार्लरुआ, गुरुवार.
शनिवारच्या शर्यतीचे चाळीस चषक.
ओदीलचा चपटा पाना बुडाच्या खोबणीत मावत नाही.
पकडीनं नटाचे कोपरेच झिजतात.
लांब पान्यात सळईचं टोक अडतं.

बापाच्या बिस्किटांच्या डब्यात
सापडतो एक, पोकळ दांड्याचा,
सायकलवाल्या फेर्नांकडून उसना आणलेला.
द्यायचा राहिला. फेर्नांलाही जाऊन नऊ वर्षं झाली.

सळई आत शिरते, बिनबोभाट.
आता कुठे थांबायचं ते मनगटाला ठाऊक हवं:
अर्धा फेरा जास्त, की संगमरवर तडकतो.
आणि खालून आवळलं
की वरचं कबुतर हळूच तोंड फिरवतं.

म्हणून डाव्या हातात ती त्याला धरते,
खऱ्याला धरतात तसं,
छातीखाली बोटं,
फार घट्ट नाही.

अजून एकोणचाळीस.