तुर्सुन म्हणजे थांबो

आमच्या गावाचं नाव किताब.
समरकंदकडून घाट उतरला की तुतीची झाडं लागतात,
तिथं.
गावावरून एक रेघ जाते, कुणाला न दिसणारी,
जपानातून निघून, इथून पुढं
इटलीच्या एका बेटावर पोचणारी.
त्या रेघेवर ठिकठिकाणी
रात्री छप्पर सरकवून कुणी ना कुणी बसलेलं असायचं.
आमच्या इथं माझी आई, सालोमत.

खोलीत शेगडी नाही. ऊब वर चढली
की तारे लटपटतात.
तोंडावर रुमाल, कारण श्वासानंसुद्धा
पाणसळीतला बुडबुडा सरकतो.
एक तारा उत्तरेचा, मग एक दक्षिणेचा,
जोडी जुळली की दप्तरात एक आकडा.
काम एवढंच. रोज विचारायचं,
आपण काल होतो तिथंच आहोत ना?
आणि रोज उत्तर यायचं, नाही.
केसभर इकडं. केसभर तिकडं.

पृथ्वी फिरते हे शाळेत कळलं.
ती डगमगते हे कळलं नानच्या गाडीमुळं.
मी नान विकते जुन्या बाबागाडीतून,
आमच्या बाजारात बऱ्याच जणी विकतात.
माझ्या गाडीचा आस झिजलाय.
चाक पुढं जातं आणि जाताजाता मान हलवतं,
हो म्हणतं की नाही, सांगता येत नाही.
अगदी तसंच, आई म्हणायची,
ध्रुव म्हणजे ठोकलेला खुंटा नव्हे गं,
आपल्या अंगणाएवढ्या जागेत घुटमळत असतो,
चौदा महिन्यांत एक फेरी.

वडिलांचं नाव तुर्सुन.
तुर्सुन म्हणजे थांबो. राहो.
आधीची तीन भावंडं राहिली नव्हती,
म्हणून घरच्यांनी नावातच विनवणी घातली.
बेचाळीस वर्षं नावानं शब्द पाळला.

त्या फेब्रुवारीत मीच धावत गेले होते
बर्फावरून, एकाच पायात जोडा.
बाबांना श्वास लागलाय.
आईनं भिंगावरून डोळा काढला नाही.
उत्तरेचा तारा टिपून झाला होता.
म्हणाली, अकरा मिनिटं.
दार उघडं नको म्हणून मी बाहेर,
आकाशाकडं न बघता, आस लावून.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्या मुनव्वरनं
त्यांचे डोळे मिटले होते.

दप्तरात तो आकडा आहे. मी पाहिलाय.
अक्षर जराही हललेलं नाही.
त्या एका ओळीपायी
मी तिच्याशी कितीतरी वर्षं धड बोलले नाही.
तंदुराच्या भिंतीवर नान थापताना
हात हवा त्याहून जोरात पडायचा.

शेवटी विचारलंच.
ती जर्दाळूच्या बिया फोडत होती, मान वर न करता म्हणाली,
सेकंदाला तीस किलोमीटर. अकरा मिनिटांचे किती?
मी चिडून बोटांवर हिशोब केला.
वीस हजार. थोडे कमी.
ते गेले ती जागा इथं नाहीच, म्हणाली.
ती मागं राहिली. सूर्यच आपल्याला घेऊन
पुढं निघून आलाय, परत तिथं कुणी जायचं नाही.
पण ते वीस हजार किलोमीटर
आपण तिघं बरोबर गेलो.
मी बसून, तू उभी, ते पडून.

बी फोडली. कडू निघाली. थुंकली.

हे पुरेसं होतं का, मला अजून कळलेलं नाही.
आता ते मोजमाप वरून उपग्रह करतात म्हणे,
त्यांना रुमाल लागत नाही,
कुणी हाक मारायला येत नाही.

आज पहाटे नान भरले, वर कापड घातलं,
आणि उतारावर गाडी क्षणभर सोडून पाहिली.
तुर्सुन, म्हटलं हळूच.
चाक मान हलवत निघालं.
मी मागोमाग, एका हातानं कापड धरून.