खिडकीतला कप

शुक्रवारी चार वाजता, गुदैबियातल्या आमच्या इमारतीत,
पंपाच्या खोलीशेजारी मी चटई अंथरते.
पुस्तकं कुणाकुणाची.
बहारीन सोडून जाणारी माणसं जिन्यात ठेवून जातात
कुकर, कुंड्या,
आणि एखादी पिशवी चित्रांची.

मागच्या खेपेला माझीच शमिका
सेलामच्या शेजारून उठून पलीकडे बसली.
"तिच्या केसांना वास येतो."
सेलामची आई सलूनमध्ये दिवसभर
दुसऱ्यांचे केस धुते.
सेलामनं वेणीचं टोक तोंडात धरलं, बोलली नाही.
चारचौघांत मी तरी काय बोलणार होते?
रात्री पिशव्या उपसल्या,
खोकल्यावर औषध शोधावं तसं पुस्तक शोधलं.

सापडलं ते निळ्या उंटाचं.
अक्षरं अरबी, ती मला लागत नाहीत. चित्रं लागतात.
तांड्यातले सगळे वाळूच्या रंगाचे, हा एकटा निळा.
विहिरीवर सगळ्यांना मिळून एक हौद,
ह्याच्यासाठी बाजूला फुटकं घमेलं.
मी बोट ठेवत सांगत गेले,
थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, उरलेलं हातवाऱ्यांनी.
हैसम मधेच अक्षरं लावून माझी चूक काढायचा :
"मिस, इथे लिहिलंय, उंट म्हणतो मला तहान नाही."
मग चित्राकडे नीट बघून :
"खोटं बोलतोय. जीभ बघा त्याची."

शेवटचं पान फाटलेलं होतं.
जोमार म्हणाला, पाऊस येतो, निळा रंग धुऊन जातो, संपलं.
"मग तो कोण?" सेलामनं विचारलं.
त्या दिवशीचं तिचं पहिलं वाक्य.
जोमारला उत्तर सुचलं नाही.
मलाही.

तेवढ्यात शमिका, मांडी घालून,
पाढा म्हणावा इतक्या सहज :
"आई, मोतालेबकाकांचा कप पण असाच ना?
खिडकीतला. कान तुटलेला."

पंप सुरू झाला. बरं झालं.

तो कप मी सांगलीहून आणला नव्हता.
तीस किलोंत मेतकूट होतं, आमसुलं होती, पुरणयंत्र होतं,
काट्यावर चढवून, उतरवून, पुन्हा भरलेलं.
हा कुठल्या कप्प्यातून आला
कस्टमवाल्यालाही दिसलं नाही.
आमच्या मागच्या दारी जर्मनचा एक पेला उपडा असायचा.
कुणाचा, ते विचारायचं नसतं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
येत होतं.

आणि इथल्या एका दुकानदारानं
माझे सुटे पैसे हातावर न देता काउंटरवर टाकले होते,
ते मात्र तीन वर्षं झाली, मी जपून ठेवलेत.

सोमवारी मोतालेब जिना पुसत वर आला.
मी सेटमधला कप काढला, पाहुण्यांचा, सोनेरी काठाचा.
चहा जरा जास्तच गोड झाला.
त्यानं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मग खिडकीकडे.
"नको भाभी. आत्ताच पिऊन आलो."
बाहेर त्रेचाळीस अंश.
त्याचे ओठ मी पाहिले.
चार वर्षांत पहिल्यांदाच, बहुतेक.

शमिका स्टुलावर चढली,
खिडकीतला कप उतरवला
आणि न विसळता त्यात दूध ओतलं.
"मी ह्यात."
माझा हात पुढे गेला होता.
कशासाठी, ते विचारू नका.
थांबवायला नव्हता, असं म्हणायला आवडेल मला.

मोतालेब दारात बसला. चपला काढून ठेवल्या,
सोनेरी काठाला जपत
पहिला घोट घेतला.
हिच्या कपाला धरायला कान नाही,
म्हणून ती दोन्ही हातांनी धरून प्यायली.

शुक्रवारी शेवटचं पान करायचंय.
कागद आहेत. निळा खडू संपत आलाय.