तीन एकर अकरा गुंठे

सासवडच्या पुढे, चढ संपतो तिथे
कंडक्टर नुसतं "गढी!" म्हणाला
आणि मी एकटाच उतरलो.
पिशवीत दोन दशम्या, पाण्याची बाटली
आणि हाताने उतरवलेली नकाशाची प्रत.

एकतीस वर्षं भूमी अभिलेखात काढली.
मूळ नकाशा घडीवर फाटला, तेव्हा
मागून मलमल मीच डकवली होती.
चार बुरूज, एक विहीर,
आणि हिरव्या शाईत, बारीक मोडीत:
फुलबाग, तीन एकर अकरा गुंठे.
बाकी सगळं तपकिरी पडलेलं,
तेवढी ती ओळ हिरवी.
प्रत उतरवताना मीही हिरवीच शाई घेतली.

बुरूज सापडले. म्हणजे अडीच.
अर्ध्यावर कुणाची तरी डिश.
विहिरीला जाळी, मोटेच्या धावेवर
वाघ्या घेवडा वाळत घातलेला.
बागेच्या जागी घाणेरी, तरवड,
आणि शेळ्यांना शिव्या देणारा एक मुलगा.
मी पावलं मोजली. सवयच ती.
पूर्वेला सत्तर, मग काटे.

"काय हरवलंय?"
डोक्यावर घासाचा भारा, द्रुपदाबाई कुदळे.
बाग, मी म्हटलं.
ती हसली नाही. भारा खाली टाकला.
"ती हितं कशाला असंल? चला."

गढीचे धनी पुण्याला राहायला गेले
त्या उन्हाळ्यात मोट थांबली.
तिचा आजेसासरा गढीवर माळी.
रात्री कंदील घेऊन निघाला,
घरोघर एकेक रोप ठेवून आला.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
खरकटं पाणी चालंल, पण रोज.

रेशनच्या दुकानापाशी कवठी चाफा,
त्याला सायकल टेकवलेली.
शाळेच्या नळाखाली अनंत.
हुसेनभाई तांबोळ्यांच्या दारात मदनबाण,
तेलाच्या डब्यात त्याचं पिल्लू.
गिरणीवर जाई, पिठाने आणखी पांढरी.

ओढ्याच्या पलीकडे मात्र
बाई जरा थांबली, पदर सारखा केला.
"हिकडं कंदील आला नव्हता," म्हणाली.
भिंतीबाहेर पडलेल्या बकुळीच्या बिया
कांबळ्यांच्या सुनेने वेचून आणल्या होत्या, चार.
तीन वाया गेल्या.
चौथीखाली आता अख्खी आळी बसते.
आम्हीही बसलो. कुणीतरी चहा आणला,
फार गोड.

मी नकाशा मांडीवर उघडला.
एकेक झाड टिंबाने मांडावं म्हटलं,
तर गावठाणाची मोजणी झालेलीच नाही,
तिथे नुसती कोरी जागा.
जुने लोक तिला पांढरी म्हणतात.
इतकी वर्षं मी तिच्यावर
चहाचा कप ठेवत आलो.

परतीच्या गाडीत मांडीवर अनंताची फांदी,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेली.
"ह्याचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.
अर्धं, मी म्हटलं, आणि तो खरंच विचारात पडला.

दिवे घाटात लक्षात आलं, गोणपाट ठिबकतंय
थेट नकाशावर.
अकरातला एक गेला, मग गुंठे,
हिरवं पाणी बुरुजावरून
खाली पांढरीत उतरत होतं.
पिशवी बाजूला घेता आली असती.
खिडकीबाहेर पुण्याचे दिवे लागलेले.
मी फांदी नीट धरून बसलो.