चियेना

रजिस्टरच्या एका पानावर बेचाळीस ओळी.
परवाच्या पानावर इलुंगा नऊ, कबोंगो सहा,
म्बुयी आणि कबांगा जोडीजोडीनं,
जुळ्यांना आमच्यात तीच नावं.
चियेना एकही नाही.

एकोणीस वर्षं म्वेने-दितूच्या या कचेरीत
जन्म लिहिते, मरण लिहिते, जांभळा शिक्का मारते.
स्वतःचं आडनाव दोनदाच लिहिलंय.
एकदा भाच्यासाठी, डावीकडच्या वहीत.
एकदा आजोबांसाठी, उजवीकडच्या.

आजोबा मुतेबा रेल्वेचे स्लीपर वाहायचे.
बेल्जियन कारकून दाढ धरून बसलेला,
गाल सुजलेला, समोर मजुरांची रांग.
त्यानं नावं ठेवली सगळ्यांना, दोन्ही अर्थांनी.
आडनाव? त्यानं फ्रेंचमधून विचारलं.
आजोबा म्हणाले, चियेना मुमान्ये.
म्हणजे, मला ठाऊक नाही.
रकाना अरुंद होता.
‘चियेना’ मावलं. ‘मी नाही’, एवढंच.
जे ठाऊक नव्हतं ते कागदाबाहेर राहिलं.

बिलोंडा आत्याला हे मुळीच मान्य नाही.
आपला माणूस इतका बावळट नव्हता, म्हणते,
आणि बिदियाचा गोळा उलथन्यानं असा घोटते
की भांड्याखालचे दगड हलतात.
तिचं म्हणणं, चार पोरं पुरली होती पणजीनं.
पाचवं झालं ते केळीच्या सालींच्या ढिगात ठेवलं,
आणि मृत्यूनं दारातून विचारलं, आत कोण आहे,
तेव्हा आतून उत्तर गेलं: चियेना.
पण आत्या, पोर तर तीन दिवसांचं, बोललं कसं?
आई बोलली की, त्याच्या वतीनं.
आयांना येतो तो आवाज काढता.

शाळेत हजेरी व्हायची, लिकासीला.
चियेना?
हजर.
वर्ग दरवेळी तेवढाच हसायचा.

त्याच लिकासीत पुढे आम्हाला सांगण्यात आलं
की तुम्ही इथले नाही, कसाईचे आहात, कसाईला जा.
कसाई मी नकाशातसुद्धा नीट पाहिला नव्हता.
फलाटावर पाच आठवडे. गाडी येईना.
तिथेच आईला मुलगी झाली, आठ दिवस राहिली.
नाव ठेवायचं राहून गेलं,
घरी पोचल्यावर ठेवू म्हणत होतो.
एका भल्या माणसानं खोक्याची फळी आणली,
पहिलं नाव विचारलं, कुणी बोललं नाही,
मग नुसतं आडनाव लिहून त्यानं ती मातीत रोवली.
बाबांनी फळी वाचली.
मग ट्रंक उचलून खांद्यावर घेतली,
गाडी अजून आलेलीही नव्हती.

मी मोजत आले आहे.
कानांगात एक शिंपी, लुइझाला एक विधवा,
दीर-जावांशी भांडून हेच आडनाव लावणारी.
लिएजमध्ये एक बसचालक, त्यानं पहिलं अक्षर गाळलंय,
तिकडच्यांच्या जिभेला सोसेना म्हणे.
आम्ही घरचे सहा.
म्बुजी-मायीत हिऱ्यांची माती चाळणारे दोघे भाऊ,
पैकी धाकट्याचं नक्की नाही.
अकरा. फार तर अकरा.
फळीवालीला धरलं तर बारा,
पण तिची नोंद कुठल्याच वहीत नाही
आणि माझ्या हातात शिक्का असूनही
ती मला करता आलेली नाही.

काल दुपारी एक पोरगा आला,
जन्मदाखल्याची नक्कल हवी म्हणून.
पायात दोन वेगळ्या चपला.
कागद पुढे केला, त्यावर आमचंच आडनाव,
मधलं एक अक्षर तेवढं वेगळं.
माझ्या हातातलं पेन थांबलं.
गाव कोणतं तुझं? कोणाकडून आलं हे तुझ्याकडे?
तो जरा घाबरला, बाई उगाच का खोदते.
मान खाजवत म्हणाला,
चियेना मुमान्ये.

मी खुर्ची पुढे सरकवली.
बस म्हटलं.
वेळ आहे ना तुला?