टोकन शुक्रवारपर्यंत

काल रात्री साडेनऊला तो जाहीर झाला.
मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते,
तिसरी की चौथी, तिथेच चुकले.
भात गिचका.
हृषिकेशने न बोलता खाल्ला, मग म्हणाला, "केवढ्याला?"
मी म्हटलं, "नुसती बॉडी."
"ते नाही विचारलं मी."

तीन लाख चौऱ्याण्णव हजार नऊशे नव्वद.
वरचे दहा रुपये वाचले म्हणून
खुशीत घरी जाणारं माणूस
मला एकदा बघायचंय.

दिवसा मी कर्वे रोडच्या दवाखान्यात
लोकांच्या डोळ्यांच्या पडद्यांचे फोटो काढते.
हनुवटी इथे. कपाळ टेकवा.
हिरव्या ठिपक्याकडे बघा. पापणी नको.
एकवीस वर्षं हीच चार वाक्यं.
पडद्यावरून नाव सांगता येत नाही, जात नाही,
साखर मात्र लगेच सांगता येते.

रविवारची मी पाषाणच्या तळ्यावर असते.
माझा कॅमेरा चौदा वर्षांचा,
पकडीचं रबर दर एप्रिलमध्ये फुगतं,
रास्ता पेठेत मुर्तझाभाईंनी दोनदा चिकटवून दिलं.
दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत.
म्हणाले, "ताई, आता याला फेविक्विक नाही, दुवा लागेल."

नवा म्हणे पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधतो,
पाणकणसांच्या दाटीतूनही,
आणि एकदा धरला की सोडत नाही.
सेकंदाला तीस फोटो.
माझे चौदा वर्षांत तीस बरे निघाले असतील.
त्यातलाही लाडका एक चुकलेला:
पुढे एक पातं, काटेकोर,
मागे जांभळी पाणकोंबडी, नुसता जांभळा डाग.
हा नवा मला तो डाग काढू देईल का,
हे पारसला विचारायचं राहिलं.
पारस, टिळक रोडच्या दुकानातला.
तो म्हणाला, "मॅडम, जुना द्या, अठरा हजार धरतो."
मी बॅग मांडीवर ओढून घेतली,
लोकलज्जा न बाळगता.

आता खरं.

गेल्या महिन्यात शेवटचा पेशंट गेल्यावर
मीच त्या पट्ट्यावर हनुवटी टेकवली,
अर्चिताला म्हटलं, दाब बटण.
उजवा डोळा. फोटो धुकट.
तिला वाटलं तिचंच चुकलं. पुन्हा काढला.
पुन्हा तेच.
ते धुकं मी दुसऱ्यांच्या डोळ्यांत
इतक्या वेळा पाहिलंय
की मला कुणी सांगायची गरज नव्हती.
तरी डॉक्टर इनामदारांनी सांगितलं:
कोवळा आहे, दीड-दोन वर्षं निघतील.
उजवा. कॅमेऱ्याला लावते तोच.

भिंगांचं दरपत्रक मीच लॅमिनेट करून आणलंय.
देशी, परदेशी,
आणि सगळ्यात खाली, लांबचं-जवळचं एकदम दाखवणारं.
मी वाचून दाखवते,
म्हातारी माणसं मुलांकडे बघतात,
मुलं आकड्याकडे,
मी खिडकीबाहेर रिक्षा मोजते.

हे हृषिकेशला सांगितलेलं नाही.
त्याच्या हिशोबात गच्चीची गळती आहे,
ईराच्या हॉस्टेलचा हप्ता आहे,
माझा डोळा नाही.
आणि आज चहा ओतता ओतता तो म्हणाला, "घे."
"सोनं मोडायचं नाही. पण घे."
इतकी वर्षं त्याच्या 'नको'शी भांडायची सवय,
या 'घे'चं काय करायचं?

ड्युटीच्या आधी तळ्यावर जाऊन आले.
बंधाऱ्याच्या दगडावर तुतवार, शेपूट खालीवर.
पहिल्यांदाच कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला.
नाक मध्ये आलं, अंगठा पडद्यावर घासला,
डावखुऱ्या पोरासारखं सगळं उलटंपालटं,
आणि बटण दाबेस्तोवर तो उडाला.

फोटो आहे.
ओला दगड,
त्यावर शिटेचा एक पांढरा ठिपका,
कडा अगदी स्वच्छ.

पारसचा मेसेज: मॅडम, काय ठरलं?
आज बुधवार.