बुडण्याचा नियम

साठ डॉलर. वर कर.
एवढ्यात ट्रकला बर्फातलं एक टायर येतं, आर्विड म्हणतो,
आणि नवं टायर निघालं म्हणून
जुनं टायर चुकीचं ठरत नाही.

दुलूथ, जानेवारी. गोदीत
खनिजाची जहाजं हिवाळाभर बांधून ठेवलेली,
आणि आम्ही चौघं, बंद पडलेल्या हार्डवेअरच्या दुकानाखाली,
भट्टीच्या उबेला खुर्च्या ओढून,
एकवीस वर्षं दर गुरुवारी
एक राज्य वाचवतोय.
ते अजून वाचलेलं नाही.

जुनं पुस्तक माझ्याकडे असतं. कणा उकललाय,
त्यावर प्लंबरची करडी पट्टी.
तांदळाच्या सूपचा एक ओघळ
वजनांच्या तक्त्यातून थेट शापांपर्यंत गेलाय.
खाली ठेवलं की आपोआप उघडतं,
हव्या त्या पानावर नाही,
भांडण झालं त्या पानावर.

नवं करकरतं. चित्रं देखणी,
राक्षस सगळे व्यायामशाळेतून आल्यासारखे.
धनुष्याची धार कमी केलीय,
चोराला आता चोर म्हणायचं नाही.
नवी विटी, नवं राज्य,
भिडू मात्र तेच, गुडघे तेच,
पाओचा झाकण हरवलेला थर्मास तोच.

पाओला नियम मोठ्यानं वाचायची खोड.
त्यानं वाचलं:
बुडणाऱ्याचा श्वास संपला, तरी
त्याला शेवटचं एक दान मिळतं.
आणि खाली बारीक अक्षरात:
नियम पहिल्यापासून हाच आहे,
फक्त वाक्य सोपं केलं.

कुणी काही बोललं नाही. भट्टी तेवढी धडधडली.
मी जुनं उघडलं. पान एकशे बारा, खालून तिसरी ओळ.
होतं.
एका स्वल्पविरामाच्या पलीकडे
चौदा वर्षं उभं होतं.

मार्लिस म्हणाली होती, एक दान तरी दे, लोर्ना.
नऊ वर्षं ती नावाड्याची पोर खेळत होती,
तिला कोरेल म्हणायची, तिच्या बुटांचा रंगसुद्धा ठरलेला.
पूर आला, दोर तुटला,
आणि मी बोट ठेवून सांगितलं, पुस्तकात नाही.
तिनं कोरेलचा कागद चार घड्या घालून खिशात टाकला.
बाहेर उणे तीस. तिची गाडी सुरू होईना.
आम्हीच ढकलली,
म्हणजे ती जायला मदतच केली म्हणायची.

म्हणून, घ्यावं का नवं पुस्तक,
असं दुकानातल्या त्या पोरानं विचारलं तेव्हा
मी म्हटलं, तुमचं बरं चाललं असेल तर नको.
लोक चुकीचे नियमसुद्धा नीट पाळतात,
त्यावर राज्यं उभी राहतात,
आणि कुणीतरी दुरुस्ती छापली
की मागे जाऊन मोजावं लागतं
कोण कोण उगाच मेलं.

बुधवारी पतपेढीत गेले. मार्लिस दोन नंबरच्या खिडकीत.
पैसे सरकवतात त्या खोलगट ताटलीत
मी वीस पैलूंचा फासा ठेवला,
आणि पान सांगितलं, ओळ सांगितली.
तिनं चष्मा काढला. पुसला. परत घातला.
किती लागतील?
बारा.
मागे रांगेत एक म्हातारा खाकरला.
तिनं टाकला.

सात.

बुडालेच की गं, ती म्हणाली,
आणि हसली, की हसल्यासारखं केलं,
मला त्या काचेतून नीट दिसलं नाही.
फासा तिनं परत सरकवला.
नवं कसंय?
धनुष्य बिघडवलंय.
ते दर वेळी धनुष्यच बिघडवतात, म्हणाली. पुढचे या.

पावती पाकिटात आहे.
तीस दिवसांत पुस्तक परत घेतात, कोपरे दुमडले नसतील तर.
आज अठ्ठाविसावा.
एकशे बाराव्या पानाचा कोपरा
मी कधी दुमडला, आठवत नाही.